संगणकाचा प्रोसेसर केव्हा बदलावा?

घरातील अथवा कचेरीतील टेबलावरचा संगणक सहासात वर्षांचा झाला, की त्याच्या संथपणाविषयी कुरकुर सुरू होते. फाईल उघडावयास वेळ लागतो, दोन कामे एकदम काढली की यंत्र अडून बसते, आणि मग घरातला जाणता मुलगा किंवा ओळखीचा दुरुस्तीवाला ‘प्रोसेसर जुना झाला’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. हा निवाडा कधी खरा ठरतो, कधी खोटा. परंतु तो ज्या पुराव्यावर दिला जातो तो पुरावा, म्हणजे यंत्राचे वय, या प्रश्नातील सर्वांत दुर्बळ पुरावा होय. प्रोसेसर बदलणे म्हणजे काही हजार रुपयांचा खर्च, एका दिवसाची खोटी, आणि निवड चुकल्यास मदरबोर्ड व रॅम यांसह सारे यंत्र नव्याने उभे करण्याची पाळी. यास्तव या प्रश्नाचा सर्व अंगांनी विचार होणे इष्ट आहे.

असा विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, प्रोसेसर बदलण्याची योग्य वेळ तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच येते. रोजच्या कामातला खोळंबा प्रोसेसरमुळेच होतो याची रुजुवात झालेली असावी. हाती असलेला मदरबोर्ड आजच्याहून ठळकपणे सरस प्रोसेसर स्वीकारणारा असावा. आणि यंत्राचे उरलेले अवयव आणखी तीनचार वर्षे चालतील अशा लायकीचे असावेत. यांतली एकही अट उणी असेल, तर पैसा दुसऱ्या भागावर खर्चावा किंवा नव्या यंत्रासाठी राखून ठेवावा.

वेगवृद्धीचा इतिहास

‘दर दोनतीन वर्षांनी संगणक जुना होतो’ ही समजूत कोठून आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचे निरीक्षण नोंदवले आणि १९७५ मध्ये ती मुदत दोन वर्षांवर नेली. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास तो अधिक वेगाने चालतो आणि तरीही तेवढ्याच क्षेत्रफळाला लागणारी वीज वाढत नाही. या दोन गोष्टींच्या संगमामुळे पुढची तीन दशके वेगाला जणू धरबंद राहिला नाही. १९९३ मध्ये इंटेलचा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झ या वेगाने बाजारात आला, आणि मार्च २००० मध्ये एएमडी व इंटेल या दोन्ही कंपन्यांनी १००० मेगाहर्ट्झचा पल्ला गाठला. सात वर्षांत सोळापटींहून अधिक वाढ झाली. त्या काळात तीन वर्षांचे यंत्र खरोखरीच वृद्ध होत असे, आणि मदरबोर्डावरील जुन्या सॉकेटात नवा जोम भरण्यासाठी इंटेलने ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाचे खास प्रोसेसर विकण्यास काढले होते.

हा ओघ २००४ च्या सुमारास अडला. ट्रान्झिस्टर आणखी सूक्ष्म झाले, परंतु त्यांतून गळणारी वीज आणि तिच्यापासून होणारी उष्णता आवरेना, ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ नंतर इंटेलने त्या मार्गावरची पुढील योजना रद्द केली. २०२४ मध्ये आलेल्या कोअर आय९-१४९००केएस या प्रोसेसरचा कमाल वेग ६.२ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे वीस वर्षांत हा आकडा दुपटीलाही पोहोचलेला नाही. २००४ नंतरची प्रगती दोन वाटांनी झाली : प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात अधिक काम उरकणे, आणि एका चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गाभे, बसवणे.

याही प्रगतीचा वेग सारखा राहिला नाही. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या कोअर आय५-२५००के ला चार कोअर होते, आणि सामान्य ग्राहकाच्या सॉकेटावर इंटेलने ही चारांची मर्यादा २०१७ च्या उत्तरार्धापर्यंत ओलांडली नाही. त्यामुळे २०११ चे यंत्र घेऊन स्वस्थ बसलेल्या माणसाचे त्या सहा वर्षांत फारसे काही बिघडले नाही. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझेन मालिकेतून आठ कोअर सामान्य खरेदीदाराच्या आटोक्यात आणले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअर दिले, आणि तेव्हापासून स्पर्धेमुळे प्रत्येक पिढीतला फरक पुन्हा जाणवू लागला. यंत्र सहा वर्षांचे आहे एवढे सांगून भागत नाही. ती सहा वर्षे इतिहासातली कोणती, हे पाहावे लागते.

खोळंबा नेमका कोठे आहे

पहिली अट रुजुवातीची. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून त्याचे परफॉर्मन्सचे पान शेजारी ठेवावे, आणि ज्या कामात यंत्र रखडते ते काम मुद्दाम करावे. पुष्कळ जुन्या यंत्रांवर असे दिसेल की प्रोसेसरचा आकडा दहापंधरा टक्क्यांवर रेंगाळत आहे आणि डिस्कचा आकडा शंभराला चिकटला आहे. हा दोष हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला हवी ती जागा समोर आणण्यास सरासरी सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर जाण्यास आणखी आठनऊ. म्हणजे विखुरलेल्या प्रत्येक वाचनामागे सुमारे १२ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ६० लाख ठोके पडून गेलेले असतात. अशा यंत्रात दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला तर तो दुप्पट ठोके वाट पाहील, याहून अधिक काही होणार नाही. उलट साधी साटा एसएसडी बसवली तर तेच विखुरलेले वाचन सुमारे दशांश मिलिसेकंदात होते, आणि मालकाला यंत्र बदलल्यासारखे वाटते.

दुसरा संशयित रॅम. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरची दहाबारा पाने उघडली की मजकूर डिस्कवर ये-जा करू लागतो आणि सारा कारभार मंदावतो. येथेही इलाज प्रोसेसरचा नाही. असेंबल केलेल्या अनेक यंत्रांत रॅमची एकच पट्टी बसवलेली असते, तेव्हा मदरबोर्डाच्या दोन मार्गिकांपैकी एक रिकामी राहते. त्याच जातीची दुसरी पट्टी घातल्यास क्षमता आणि वहनाचा वेग ही दोन्ही वाढतात, विशेषतः जेथे चित्रांचे काम प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर चालते तेथे.

तिसरे कारण उष्णता. कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक उष्ण राहू देतो. म्हणून जे यंत्र २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालते तेच मे महिन्यात नागपूर वा चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी ९० च्या घरात जाते. पंख्यात धूळ बसलेली आणि थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली असेल, तर पारा शंभरीला टेकतो आणि प्रोसेसर आत्मरक्षणार्थ स्वतःचा वेग उतरवतो. जे यंत्र सकाळी नीट चालते आणि दुपारी अडखळते त्याला ब्रश, फुंकणी आणि नव्या पेस्टचे शंभरदोनशे रुपयांचे औषध पुरते. वार्धक्याचा दाखला देण्यापूर्वी हा उपचार अवश्य करून पाहावा.

खेळ खेळणाऱ्यांसाठी आणखी एक सोपी कसोटी आहे. खेळातील चित्राचे रिझोल्यूशन निम्म्यावर आणावे. दर सेकंदाच्या चौकटी भराभर वाढल्या तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा होता, आणि त्या होत्या तेथेच राहिल्या तर प्रोसेसरचा.

हे सारे पारखून झाल्यावरही प्रोसेसरच दोषी ठरला, तर तो कोणत्या प्रकाराने दोषी आहे ते पाहावे. टास्क मॅनेजरमधील एकूण आकडा येथे फसवतो. आठ धाग्यांच्या (थ्रेडच्या) प्रोसेसरवर एकच धागा पूर्णपणे गुंतला असेल तर एकूण आकडा १२.५ टक्के दिसतो आणि यंत्र निवांत आहे असा भास होतो. म्हणून आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक धाग्याचा आलेख स्वतंत्र मांडून घ्यावा. एकाचे शिखर सतत माथ्याला लागलेले आणि बाकीचे सपाट, असे चित्र असेल तर अधिक कोअर घेऊन उपयोग नाही, प्रत्येक कोअर अधिक चपळ असलेला प्रोसेसर हवा. सगळेच आलेख माथ्याला लागलेले असतील तर कोअरांची संख्या वाढवण्यात अर्थ आहे.

या भेदामागील गणित जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. पंगतीत वाढपी आठ असोत की सोळा, पुऱ्या तळणारी कढई एकच असेल तर जेवण तिच्याच गतीने पुढे सरकते. समजा, एखाद्या कामाचा ६० टक्के भाग वाटून करता येतो आणि ४० टक्के एकामागून एकच करावा लागतो. आठ कोअरांवर ते काम एका कोअरच्या सुमारे २.१ पट वेगाने होईल, आणि सोळा कोअरांवर सुमारे २.३ पट. कोअर दुप्पट, लाभ नऊ टक्क्यांच्या आत. व्हिडिओ तयार करून काढणे, मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प संकलित करणे, त्रिमितीय चित्रे रेखाटणे यांत वाटून घेता येणारा भाग फार मोठा असतो आणि तेथे कोअर सार्थकी लागतात. हिशेबाचे कागद, पत्रव्यवहार आणि मराठी मासिकांच्या कचेऱ्यांतून चालणारी अक्षरजुळणी व पानांची मांडणी यांत तो अल्प असतो, आणि तेथे एसएसडी व पुरेशी रॅम यांनी बहुतेक तक्रार मिटते.

सॉकेटचे बंधन

दुसरी अट मदरबोर्डाची, आणि येथे अनेकांची इच्छा अडते. इंटेलच्या बाबतीत एका सॉकेटला बहुधा दोन पिढ्यांचे आयुष्य लाभते. २०११ चा एलजीए ११५५ सॉकेट २०१२ च्या तिसऱ्या पिढीपर्यंत चालला. २०१५ चा एलजीए ११५१ सहाव्या व सातव्या पिढीसाठी होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचे नाव आणि आकार तोच राहिला, तथापि ती जुन्या बोर्डांवर चालेना. तिला ३०० मालिकेचे नवे बोर्ड लागले. केवळ सॉकेटचे नाव जुळते म्हणून खरेदी करणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. एलजीए १७०० ने मात्र २०२१ पासून बारावी, तेरावी व चौदावी अशा तीन पिढ्या सांभाळल्या.

याच्या उलट उदाहरण एएमडीच्या एएम४ चे. २०१६ मध्ये आलेल्या या सॉकेटावर २०१७ चा पहिला रायझेन चालतो आणि २०२२ चा रायझेन ७ ५८००एक्स३डी देखील. वाट सरळ मात्र नव्हती : बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रणालीची, चिप पुष्कळ ठिकाणी १६ मेगाबाइटांचीच असल्याने सर्व पिढ्यांचा मजकूर तिच्यात मावेना, काही बोर्डांवर नव्यांना जागा देण्यासाठी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकावा लागला, आणि ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांना रायझेन ५००० ची अधिकृत मान्यता मिळण्यास २०२२ साल उजाडले. परंतु ती मिळाली, आणि त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे यंत्र केवळ एका चिपच्या बदलाने नव्या पिढीत आले. २०१७ चा रायझेन ५ १६०० आणि २०२२ चा रायझेन ५ ५६०० हे शेजारी ठेवून पाहावेत : दोघांनाही सहा कोअर, बारा धागे, दोघांचेही ठरीव वीजमान ६५ वॅट, तरीही दुसरा प्रत्येक ठोक्यात अधिक काम करतो आणि कमाल ३.६ च्या जागी ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. कोअरांची संख्या पाहून प्रोसेसर निवडू नये, हे सांगण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

या दोन्ही परंपरांतून एकच व्यवहारसूत्र निघते. सॉकेट जिवंत असताना पिढीमागून पिढी बदलत जाणे हा अपव्यय होय. त्याचे आयुष्य संपत आले असताना, त्यावर बसणाऱ्या सर्वोत्तम प्रोसेसरांपैकी आपल्या कामाला साजेसा एक घ्यावा, आणि तो शेवटचाच असे धरून चालावे. त्या वेळी माल अजून दुकानांत असतो, बायोसमधील दोष दूर झालेले असतात आणि किंमत उतरलेली असते. फार उशीर केला तर नवा माल संपतो, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत वापरलेला तुकडा शोधत फिरावे लागते. वापरलेला प्रोसेसर घेण्यास हरकत नाही, कारण तो सहसा लवकर मरत नाही. परंतु इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या काही प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात आलेली दुरुस्ती आधी झालेली इजा भरून काढीत नाही. तो माल पावती व वॉरंटीविना घेऊ नये.

बाहेरून येणारी मुदत

कामाच्या गरजेखेरीज एक मुदत बाहेरूनही येते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर स्थूलमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझेन २००० मालिकेचा, अथवा त्यानंतरचा असावा लागतो. या नियमाचा परिणाम दोन यंत्रांवर किती भिन्न होतो ते पाहा. सातव्या पिढीच्या इंटेलच्या मालकाला, यंत्र कितीही चपळ असो, बोर्डासकट प्रोसेसर बदलावा लागतो, कारण आठवी पिढी त्याच्या बोर्डावर चालत नाही. पहिल्या रायझेनच्या मालकाला त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवून नियमात येता येते. दोघांची यंत्रे २०१७ चीच, पण एकाला निदान दोन वस्तूंचा खर्च आणि दुसऱ्याला एकीचा. ज्याचे काम ब्राउझर व दस्तऐवजांपुरते आहे त्याने अशा वेळी लिनक्सचाही विचार करावा. जुन्या ६४ बिट प्रोसेसरांवर त्याच्या अनेक आवृत्त्या आजही सुरक्षा-सुधारणांसह उत्तम चालतात, आणि सुस्थितीतले यंत्र केवळ नियमाखातर मोडीत काढण्याची वेळ येत नाही.

जमाखर्च

तिसरी अट उरलेल्या यंत्राची, आणि ती पैशाच्या हिशेबात मिसळलेली आहे. वीज पुरवणारा एसएमपीएस आठदहा वर्षांचा असेल, बोर्डावरील कपॅसिटर फुगलेले असतील, यूएसबीची दारे एकेक करून बंद पडत असतील, तर अशा घरात नवा पाहुणा उतरवू नये. सामान्यतः माझा आडाखा असा : प्रोसेसर, लागल्यास नवा कूलर आणि मजुरी मिळून येणारा खर्च, नवा बोर्ड, नवी रॅम व नवा प्रोसेसर यांच्या एकत्रित खर्चाच्या निम्म्याच्या आत राहत असेल तरच जुन्या सॉकेटात पैसा घालावा. हे प्रमाण काळानुसार हलते. एएमडीचा एएम५ व इंटेलचा एलजीए १८५१ या नव्या सॉकेटांना डीडीआर५ जातीचीच रॅम चालते, म्हणजे डीडीआर४ च्या जुन्या पट्ट्या नव्या बोर्डावर निरुपयोगी ठरतात. आणि २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिपांची मोठी मागणी केल्यामुळे रॅमचे भाव कडाडले. अशा भावात, हातची रॅम राखून केवळ प्रोसेसर बदलण्याच्या पर्यायाचे पारडे साहजिकच जड होते.

विजेची बचत हे कारण पुष्कळदा पुढे केले जाते. त्याचा हिशेब करून पाहावा. दोन प्रोसेसरांत सतत ५० वॅटचा फरक राहतो असे धरले, यंत्र रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालते असे मानले, तर वर्षाला १२० युनिटे वाचतात. प्रत्यक्षात घरगुती यंत्र बराचसा वेळ रिकामे असते आणि फरक याहून पुष्कळ कमी पडतो, तेव्हा केवळ विजेच्या बिलावर नव्या प्रोसेसरची किंमत वसूल होण्याची आशा धरू नये.

प्रत्यक्ष बदल

निर्णय झाल्यावर क्रम चुकता कामा नये. मदरबोर्डाच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीत नेमका तोच प्रोसेसर आणि त्याला लागणारी बायोसची आवृत्ती पाहावी, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे. आधी चिप काढली तर यंत्र सुरू होत नाही आणि पुष्कळ बोर्डांवर बायोस बदलण्याची सोय उरत नाही. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. ड्राइव्ह विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण टीपीएमचा मजकूर प्रोसेसरशी निगडित असल्यास नवी चिप बसताच विंडोज ती किल्ली मागते, आणि ती नसेल तर सारे दफ्तर आतच अडकते.

एएम४ च्या यंत्रांत एक क्षण विशेष जपण्याचा असतो. या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरून ठेवतो. वरची पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरही बंद सॉकेटातून उपटून येतो व पिना वाकतात. यास्तव यंत्र दहापंधरा मिनिटे कामाला जुंपून पेस्ट ऊन होऊ द्यावी, मग ते बंद करून वायर काढावी, आणि कूलर डावीउजवीकडे हलके पिळत, पेस्टची पकड सुटल्याचे हाताला कळल्यावरच उचलावा. ज्याला या कामाची सवय नाही त्याने जाणत्या कारागिराला मेहनताना देऊन ते करवून घ्यावे. वाकलेल्या पिनांपुढे ती रक्कम किरकोळ होय.

निघालेला प्रोसेसर बहुधा चालू स्थितीत असतो. त्याच सॉकेटचे, त्याहून दुबळे यंत्र ओळखीत कोणाकडे असेल तर तो तेथे जावा. खरोखर निकामी झालेला माल भंगारवाल्याकडे न देता, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी झालेल्या संस्थेकडे सोपवावा. एक चिप घडवण्यात शुद्ध पाणी, वीज आणि दुर्मीळ द्रव्ये खर्ची पडलेली असतात, आणि तिचे आयुष्य एका वर्षाने वाढवणे हीही काटकसरच आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष व्यवहारात आणण्यासाठी एक वही पुरेशी आहे. दोन आठवडे यंत्र कोठे थांबले, किती वेळ थांबले आणि त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये काय दिसले, एवढे तीन रकाने भरावेत. समजा, दहा मिनिटांच्या कामात चार मिनिटेच प्रोसेसरच्या वाट्याची निघाली, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेऊनही ते काम आठ मिनिटांच्या आत उतरणार नाही, हे खरेदीपूर्वीच कळेल. आणि दहापैकी नऊ मिनिटे त्याच्या वाट्याची निघाली, बोर्डाच्या यादीत सरस नाव सापडले, आणि बाकीचे यंत्र धडधाकट असेल, तर मग उगाच चालढकल करू नये. नव्या पिढीची वाट पाहत बसणाऱ्याला नवी पिढी दरवर्षी दिसतच राहते. खोळंब्यात गेलेली मिनिटे मात्र परत येत नाहीत, आणि जे काम पुरे व्हावे म्हणून हे यंत्र घरात आणले त्या कामाची निकड कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासाने वेळ सांगते.